‘पाणी’, ‘शुद्ध’ आणि ‘निवळ’ : पुण्याच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासातील तीन शब्द

१

‘पाणी’ हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्याच्याकडे शब्द म्हणून पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. संस्कृत ‘पानीय’, प्राकृत ‘पाणिअ’ आणि मराठी ‘पाणी’ अशी त्याची परंपरा आहे. ‘पा’ म्हणजे पिणे, आणि ‘पानीय’ म्हणजे जे पिण्यास योग्य ते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहिले असता पेयता हाच या शब्दाचा मूळ अर्थ ठरतो. परंतु संस्कृतातच हा शब्द जलवाचक सामान्यनाम बनला आणि मराठीत येईपर्यंत त्यातील ‘योग्य’ हा अंश पुरता झिजून गेला. म्हणूनच आज आपल्याला ‘पिण्याचे पाणी’ असे द्विरुक्तीचे वाटणारे पद योजावे लागते. आणि गटारातून वाहणाऱ्या द्रवालाही आपण निःशंकपणे ‘सांडपाणी’ म्हणतो. पेयतेचे आश्वासन शब्दातून नाहीसे झाले. ते वस्तूला परत मिळवून देण्याचे काम तेव्हापासून समाजाच्या माथी आले, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रस्तुत लेखात पुणे शहराच्या पाणीपुरवठ्याच्या सुमारे पावणेतीनशे वर्षांच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. धरणे व नळ यांचा इतिहास स्थापत्यविशारदांनी सांगितला आहे आणि साथींचा इतिहास वैद्यकाच्या अभ्यासकांनी. ‘चांगले पाणी’ म्हणजे काय, याविषयीच्या कल्पना मात्र भाषेत साठून राहतात, आणि त्या कल्पनांची सरमिसळ झाली म्हणजे माणसे आजारी पडतात. हा दुसरा मुद्दा केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. २०२५ सालच्या जानेवारी महिन्यात पुणेकरांना त्याचा अनुभव आला आहे.

२

पेशवाईच्या पूर्वार्धात पुण्याची तहान मुठा नदी, नागझरी व आंबील हे ओढे आणि घरोघरच्या विहिरी यांवर भागत असे. वस्ती वाढली तसे हे पुरेनासे झाले. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या घाटाखाली बांध घालून तलाव बांधण्यात आले व तेथून शहरापर्यंत सुमारे आठ किलोमीटर लांबीचा भूमिगत नळ आणला गेला. हा ‘नळ’ म्हणजे आजच्यासारखी लोखंडी नळी नव्हे. माणसाला आत उतरून साफसफाई करता येईल एवढा तो दगडी बांधणीचा बोगदा होता. जमिनीच्या उतारावर पाणी आपोआप शहराकडे वाहत येई आणि पेठापेठांतील हौदांत पडे. पुढे नाना फडणवीस, रास्ते इत्यादी सरदार-मुत्सद्द्यांनीही आपापले नळ आणले.

या रचनेतील एका अंगाचे नाव भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. नळाच्या वाटेवर ठराविक अंतराने जमिनीवर डोके काढणारे दगडी मनोरे आहेत. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. नळातील कोंडलेली हवा यांतून निघून जाई, त्यांच्या तळाशी गाळ बसे, आणि तो काढण्यास माणसाला वाट मिळे. कारागिरांनी या नळाची कल्पना श्वास घेणाऱ्या देहासारखी केली होती, हे नावावरूनच दिसते. पाणी वाटेत थांबले पाहिजे, त्याने आपला गाळ खाली टाकला पाहिजे आणि मगच पुढे गेले पाहिजे, हे तत्त्व त्या बांधणीत आहे. त्या काळाचा ‘चांगल्या पाण्या’चा निकष एका शब्दात सांगावयाचा झाल्यास तो ‘निवळ’ हा होय.

‘निवळ’, ‘निवळणे’, ‘निवळी’, ‘निवळशंख’ हा शब्दांचा गोतावळा मराठीत फार जिव्हाळ्याचा आहे. निवळीचे झाड म्हणजे संस्कृत ग्रंथांतील ‘कतक’. त्याची बी मडक्याच्या आतल्या अंगावर घासून पाणी ओतले की गढूळपणा खाली बसतो. सुश्रुतसंहितेत जलशुद्धीच्या साधनांमध्ये कतकाची गणना आहे, आणि तुरटी फिरवण्याचा प्रघात तर आपल्या घरांतून कालपरवापर्यंत होता. त्याबरोबरच वस्त्राने पाणी गाळण्याची चाल होती. धर्मशास्त्राने तिला ‘वस्त्रपूत’ या शब्दाने आचाराचे स्वरूप दिले. प्रस्तुत लेखकाच्या आजोळी नळाच्या तोटीला फडके बांधलेले असे आणि ते रोज धुवावयाचे, असा नेम होता. या आचाराला एक शास्त्रीय आधारही होता. नारू हा रोग ज्या सूक्ष्म जलचरांच्या पोटातून माणसापर्यंत येतो ते जलचर दाट विणीच्या कापडात अडकतात. नारूच्या निर्मूलनमोहिमेचे एक मुख्य साधन हेच साधे फडके होते. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

परंतु डोळ्यांना निवळ दिसणारे सर्वच पाणी निर्धोक नसते. पटकीचा जंतू निवळशंख पाण्यातही सुखाने राहतो, आणि फडक्याच्या विणीतून तो सहज पार होतो.

३

पटकीची नावे पाहिली म्हणजे या रोगाविषयीच्या जुन्या समजुती कळून येतात. ‘मोडशी’ हा शब्द आज आपण साध्या अपचनाला लावतो. परंतु सोळाव्या शतकात गोव्यात वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात एका भयंकर वांती-अतिसाराचे वर्णन केले आहे व त्याचे देशी नाव ‘मोर्शी’ यासारख्या रूपात दिले आहे. पोर्तुगिजांनी हा शब्द उचलला. फ्रेंचांच्या तोंडी त्याचा ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचा अपभ्रंश झाला, आणि तोच पुढे युरोपीय प्रवासवर्णनांतून फिरला. कोकणी-मराठीतील एक घरगुती शब्द असा रोगाच्या भीतीबरोबर समुद्रापार गेला, आणि मायदेशी मात्र अजीर्णापुरता उरला. ‘मोडशी’चा संबंध ‘मोडणे’शी आहे. शरीर मोडून येते, एवढेच त्यात सांगितले आहे. ‘जरीमरी’ या नावात देवीचा कोप आहे, तर ‘महामारी’त केवळ मृत्यूचे प्रमाण. यांपैकी एकाही नावात पाण्याचा उल्लेख नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१८१७ साली बंगालमध्ये उद्भवलेली पटकीची साथ १८१८ मध्ये दख्खन व मुंबईपर्यंत येऊन पोहोचली. ज्या वर्षी पेशवाई गेली त्याच वर्षी ही नवी आपत्ती आली. पटकीचा पाण्याशी असलेला संबंध लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ साली दाखवून दिला, आणि रोबेर्ट कॉख याने १८८३-८४ मध्ये इजिप्त व कलकत्ता येथे तिचा जंतू ओळखला. मधल्या काळात पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण उभे राहिले. फाइफ या लष्करी अभियंत्याच्या योजनेनुसार मुठा नदीवर बांधलेले हे दगडी धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. शेतीला कालव्याचे पाणी देणे आणि पुणे व खडकी येथील लष्करी छावण्यांची व शहराची गरज भागविणे हे त्याचे हेतू होते. १९०३ साली विश्वेश्वरय्या यांनी शोधलेले स्वयंचलित दरवाजे या धरणावर प्रथम बसविण्यात आले. धरणाची कल्पना व बांधणी कॉखच्या शोधापूर्वीची असल्यामुळे तिचे लक्ष परिमाणाकडे असावे हे स्वाभाविकच होते. जंतूंचा विचार मागाहून येऊन त्या रचनेला जोडला गेला.

त्या काळातील साधनांची नावे एकत्र ठेवली तर भूस्तरशास्त्रज्ञाला दिसावेत तसे इतिहासाचे थर दिसतात. ‘नळ’ संस्कृत, ‘हौद’ अरबी, ‘पिंप’ व ‘बंब’ पोर्तुगीज, आणि ‘फिल्टर’ व ‘क्लोरीन’ इंग्रजीच्या मार्गाने आलेले. राजवटी बदलल्या, प्रत्येकीने पाणी साठविण्याचे किंवा आणण्याचे एखादे साधन व त्याबरोबर एखादा शब्द ठेवला. मात्र पाण्याचा गुण सांगणारा मुख्य शब्द ‘शुद्ध’ हा जुनाच राहिला. नवे अर्थ याच जुन्या शब्दात ओतले गेले, आणि गोंधळाची सुरुवात येथेच झाली.

४

‘शुद्ध’ या शब्दाचा निवळपणाशी जितका संबंध होता तितकाच किंवा त्याहून अधिक संबंध सोवळ्याशी होता. नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर असतो, एवढ्या कारणावरून नळाचे पाणी सोवळ्याच्या स्वयंपाकाला व पूजेला चालत नसे. त्यासाठी आडाचे पाणी शेंदावे लागे. तो आड शौचकूपाला लागून असला तरी त्याच्या शुद्धतेत उणेपणा येत नसे. उलट दुरून, बंद नळातून आलेले पाणी अशुद्ध ठरे. येथे ‘शुद्ध’ हे विशेषण पाण्याच्या द्रव्यगुणाला लागत नसून पाण्याला कोणाचा व कशाचा स्पर्श झाला याला लागत होते.

याच अर्थाने पुण्यातील सार्वजनिक म्हणविणारे हौद सर्वांचे नव्हते. अस्पृश्य मानलेल्या जातींना त्यांवर पाणी भरता येत नसे. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या राहत्या घरचा हौद या लोकांना खुला केला. या कृतीकडे सामान्यतः समतेचा आदर्श म्हणून पाहिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु शब्दार्थाच्या इतिहासातही तिला स्थान आहे. माणसाच्या स्पर्शाने पाणी बिघडत नाही, हे विधान जोतीरावांनी शब्दांऐवजी हौद उघडून केले.

या दोन अर्थांचा उघड सामना पाहावयाचा तर पुण्याबाहेर, महाडला जावे लागते. १९२३ साली मुंबई कायदेकौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. पुढील वर्षी महाडच्या नगरपालिकेने तो आपल्या तळ्याला लागू केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली लोक त्या तळ्यावर गेले व पाणी प्याले. तळ्याचे नावच ‘चवदार’. हा शब्द पाण्याच्या चवीविषयी बोलतो, पिणाऱ्याच्या जातीविषयी नव्हे. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. येथे क्षणभर थांबून विचार करावा. शेण व गोमूत्र यांचे मिश्रण पिण्याच्या पाण्यात ओतण्याच्या क्रियेस मराठी भाषेत ‘शुद्धीकरण’ हे नाव मिळाले, आणि हाच शब्द पुढे ‘जलशुद्धीकरण केंद्र’ या समासात अगदी उलट क्रियेसाठी वापरला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली या तळ्याच्या वादाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. न्यायालयाने हक्काचा प्रश्न सोडविला. शब्दाचा प्रश्न समाजाकडेच राहिला.

५

आज ‘शुद्ध पाणी’ म्हणजे निर्जंतुक पाणी, असे आपण समजतो. भारतीय मानक क्र. १०५०० मध्ये हा अर्थ आकड्यांनी बांधला आहे. १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य ‘ई. कोलाय’ जिवाणू एकही आढळता कामा नये, आणि पाण्यात शिल्लक मोकळा क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, अशी अपेक्षा आहे. ‘शिल्लक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. टाकलेला क्लोरीन किती, याला महत्त्व नसून शेवटच्या तोटीपाशी उरलेला किती याला आहे. पाण्यात गाळ व सेंद्रिय द्रव्य असेल तर क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतो. गाळाच्या कणांआड दडलेले जंतू वाचतात. म्हणून जलशुद्धीकरणाचा क्रम ठरलेला आहे. आधी तुरटीने निवळविणे, मग वाळूच्या थरांतून गाळणे, आणि सर्वांत शेवटी क्लोरीन. म्हणजे निर्जंतुकतेचा नवा अर्थ निवळपणाच्या जुन्या अर्थाला रद्द करीत नाही. तो त्याच्या खांद्यावर उभा आहे. कात्रजच्या उच्छ्वासाच्या तळाशी जे घडे तेच आजच्या केंद्रातील पहिल्या टाकीत घडते.

पाणी केंद्रातून निघाल्यावर संकट टळते असेही नाही. ज्या नळात पाणी दिवसाचे काही तासच येते तो उरलेला वेळ रिकामा असतो. तेव्हा आतील दाब नाहीसा होतो, आणि शेजारच्या गटाराची झिरप सांध्यांतून व भेगांतून आत शिरते. ‘कोठेतरी पाणी मुरते आहे’ हा वाक्प्रचार आपण संशय व्यक्त करण्यासाठी योजतो. नळाच्या बाबतीत तो शब्दशः खरा आहे, फक्त मुरणे दोन्ही दिशांनी चालते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण भंगले. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले. त्या वेळी पुणेकरांना पुन्हा विहिरींची व पेशवेकालीन हौदांची आठवण झाली. मोठ्या व्यवस्थेने लहान व्यवस्थांना निरुपयोगी ठरविले, तरी आपत्तीत आधार त्यांचाच लागतो. पण तेव्हापासून आजवर कात्रजच्या तलावाभोवती व नळाच्या वाटेवर दाट वस्ती झाली, उच्छ्वासांच्या अंगाला घरे लागली, आणि तो आधारही आता विश्वासाचा राहिला नाही.

६

२०१७ साली अकरा व २०२१ साली तेवीस गावे पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत घेण्यात आली. धायरी पहिल्या समूहातील, तर नांदेड, किरकटवाडी व खडकवासला ही दुसऱ्या समूहातील. नकाशावर ही गावे शहरात आली; शहराचे गाळलेले पाणी मात्र त्यांच्यापर्यंत त्या वेगाने पोहोचले नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या याच परिसरात हातापायांतील शक्ती अकस्मात जाण्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळू लागले. वृत्तपत्रांनी ज्याला ‘जीबीएस’ म्हटले तो हा गुलेन-बॅरे सिंड्रोम. पुणे परिसरातील रुग्णांची संख्या पुढे दोनशेहून अधिक झाली. काहींना कृत्रिम श्वसनावर ठेवावे लागले आणि काही दगावले. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय’ हा जिवाणू सापडला. दूषित अन्नपाण्यातून तो पोटात जातो. त्याच्याशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे क्वचित स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात. तपासाचा रोख पाण्याकडे वळला, तेव्हा असे दिसून आले की नांदेड गावातील मोठ्या विहिरीचे पाणी गाळणप्रक्रियेवाचून, केवळ क्लोरीन मिसळून घरोघरी दिले जात होते.

वर सांगितलेला क्रम वाचकांनी येथे आठवावा. निवळविणे नाही, गाळणे नाही, केवळ शेवटची पायरी आहे. हे पाणी ‘शुद्ध’ करण्यात आले असे कोणी म्हटले असते तर तो मनुष्य असत्य बोलला असे म्हणता आले नसते. ‘शुद्ध’ हा शब्दच इतका सैल झाला आहे की त्यात तीनपैकी कोणतीही एक पायरी बसते. ज्यांच्या अंगणापासून धरणाची भिंत दिसते त्यांना शहरातील इतरांपेक्षा कमी प्रतीचे पाणी मिळावे, ही विसंगती त्या सैल शब्दाआड सुखाने राहू शकली.

साथीच्या काळात सर्वत्र एक वाक्य झळकते : ‘पाणी उकळून प्यावे.’ सल्ला योग्य आहे. त्याने जीव वाचतात. पण व्याकरणाच्या विद्यार्थ्याला त्यातील प्रयोग टोचतो. हे कर्मणी प्रयोगातील विध्यर्थी वाक्य असून त्याचा कर्ता अध्याहृत आहे. तो अर्थात नागरिक. उलट ‘पाणी दूषित झाले’ या वाक्यात कर्त्याच्या जागी पाणीच आहे. जणू ते आपण होऊन दूषित झाले. दोष सांगताना करणारा नाहीसा होतो आणि कर्तव्य सांगताना तो घरातल्या चुलीपाशी उभा केला जातो. ज्या घरात इंधनाचा हिशोब महिन्याअखेरीस जमत नाही त्या घरात हा अध्याहृत कर्ता बहुधा एक स्त्री असते.

७

या विवेचनावरून कोणी असे समजू नये की शब्द नेमके केल्याने पाणी नेमके होईल. तसा दावा करणे भाषाशास्त्रज्ञाला शोभणार नाही. मात्र पाण्याच्या बाबतीत ‘शुद्ध’ या एकाच शब्दावर विसंबून न राहता ‘निवळविलेले’, ‘गाळलेले’ व ‘निर्जंतुक केलेले’ अशी तीन भूतकालवाचक विशेषणे वेगवेगळी वापरण्याची शिस्त पाळणे अशक्य नाही. ही तिन्ही धातुसाधिते आहेत. प्रत्येकीच्या पोटात एक क्रिया आहे आणि क्रिया म्हटली की कोणी केली, कधी केली, हे विचारता येते. ‘शुद्ध’ला तसे विचारता येत नाही. प्रत्येक वस्तीच्या पाण्याविषयी या तीन शब्दांपुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ आणि शेवटच्या तोटीवरील क्लोरीनचा आकडा एवढे प्रसिद्ध झाले, तरी सामान्य माणसाला आपल्या पाण्याचे पाणी जोखता येईल.

मनुस्मृतीत कतकाचा एक दृष्टांत आहे. कतकाच्या फळाने पाणी निवळते हे खरे, पण त्याचे नुसते नाव घेतल्याने काही निवळत नाही, असा त्याचा आशय. ज्या परंपरेने ‘शुद्ध’ या शब्दाचा एवढा विपर्यास पाहिला तिच्याच एका ग्रंथात हा इशारा असावा, हे विलक्षण आहे. मडक्यात बी घासावीच लागते. पुण्याच्या ज्या वाड्यावस्त्यांत ती अजून घासली गेलेली नाही, तेथे ‘पाणी’ या शब्दाचा जुना, पिण्यास योग्य हा अर्थ अद्याप येणे बाकी आहे.